पावणेतीन

“एक... दोन... सव्वादोन... अडीच... पावणेतीन...”

आमच्या टाउनहाउसांच्या ओळीत दोन घरांमधली भिंत नावालाच आहे. त्यामुळे शेजारची ही मोजणी रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येते. सव्वादोनला आमच्याकडे कणीक मळून झालेली असते, पावणेतीनला तवा तापतो. मोजणी त्याच्या पुढे गेलेली मात्र मी सहा वर्षांत ऐकलेली नाही. एकदा ‘पावणेतीनच्या जरा पुढे’ असं काहीसं कानावर आल्याचं बायको सांगते. पण तेव्हा मिक्सर चालू होता, म्हणून तो पुरावा मी धरत नाही.

मोजणारे गृहस्थ म्हणजे आमचे नियमराव. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं सांगून उपयोगही नाही, कारण न्यू जर्सीतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या प्रत्येक कॉलनीत असे एक नियमराव असतातच. शेजारच्या एडिसनात आपली वस्ती दाट, तिथे एका गल्लीत दोन-दोन निघतील. वय पंचेचाळिशीच्या आसपास, मूळ गाव सांगली, धंदा बँकेचं सॉफ्टवेअर, रोज सकाळी एडिसन स्टेशनवरून न्यूयॉर्कची गाडी. ऑफिसात त्यांच्या हाताखाली अठरा माणसं आहेत आणि अठराच्या अठरा त्यांचं ऐकतात. घरी दोनच आहेत. थोरला बारा वर्षांचा, धाकटी सातची.

त्यांच्या घरात शिरलं की पहिलं दर्शन फ्रिजचं होतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतात तशा त्याच्या दारावर नियमांच्या याद्या लागलेल्या असतात. वर ठळक अक्षरात ‘घरचे नियम’, आणि कोपऱ्यात बारीक टायपात आवृत्तीचा आकडा, या दिवाळीपर्यंत ‘१४.२’. पहिली आवृत्ती थोरला तीन वर्षांचा असताना निघाली. तिच्यात नियम तीनच होते, आणि त्यातला एक ‘भिंतीवर काढायचं नाही’ असा होता. तो वाचता येण्याचं थोरल्याचं वय नसल्यामुळे त्याने त्याच कागदावर काढलं. तिसऱ्या आवृत्तीवर चहा सांडला. कोणी सांडला याची चौकशी आठवडाभर चालली, निकाल लागला नाही, आणि नियमरावांनी लॅमिनेटर विकत आणला. तेव्हापासून कायद्याला प्लॅस्टिकचं कवच आहे.

नियम वाचण्यासारखे असतात. जेवताना सगळे फोन टोपलीत. शाळेच्या दिवशी स्क्रीन अर्धा तास, सुट्टीला दोन तास. मराठी सिनेमा पाहिल्यास तो निम्माच धरला जाईल. उलट उत्तर दिल्यास दहा मिनिटं कापली जातील, इंग्रजीत दिल्यास वीस. ‘का?’ हा प्रश्न दिवसातून फक्त तीनदा विचारायचा. या शेवटच्या कलमात धाकटीने दुसऱ्याच दिवशी भोक पाडलं. ती ‘का?’ विचारतच नाही. ती ‘काय कारण?’ असं विचारते. त्यावर साडेचौदावी आवृत्ती विचाराधीन होती.

आता हा माणूस असा कागदाला का लागला, ते सांगायला हवं. सांगलीला त्यांच्या लहानपणी घरात एकही नियम लिहिलेला नव्हता. वडील मास्तर. त्यांच्या वहाणा जिन्यात वाजल्या की सगळे नियम सगळ्यांना आपोआप आठवत. शाळेत वेताची छडी होती, घरी हात होता, आणि दोन्हींच्या मध्ये कोणाचा काय अपराध हे विचारण्याची पद्धत नव्हती. ते सगळं सोडून नियमराव इथे आले. पिस्कॅटवेत नव्या आलेल्या देशी बापाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात: वाणसामान स्टेल्टन रोडला कुठे मिळतं, आणि मुलावर हात उगारायचा नाही. दुसरी गोष्ट नुसती ऐकीव आहे असं नियमरावांना वाटत होतं. मग तिसरीतला थोरला एक दिवस शाळेतून माहिती घेऊन आला, की न्यू जर्सीने शाळेतली छडी १८६७ सालीच कायद्याने बंद केली. सगळ्या अमेरिकेत पहिली. म्हणजे मुंबईत प्रार्थना समाज निघाला त्याच साली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने तसा कायदा केला तो १९७१ मध्ये. आपल्याकडे शाळेतल्या मारावर देशभरची कायदेशीर बंदी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आली, तोवर नियमरावांची पाठ शिकून मोकळी झाली होती.

“म्हणजे बघ,” ते मला म्हणाले, “मी ज्या राज्यात येऊन पडलो, तिथे दीडशे वर्षं कोणी छडी बघितलेली नाही. आणि मला दुसरं काही येत नाही!”

हात गेला म्हणून त्यांनी लेखणी धरली. इतकी साधी गोष्ट आहे. वाईट माणूस नाही. उलट, बापाचा मार ज्याला नको वाटला आणि बापाचा धाक मात्र हवाहवासा वाटतो, अशा आमच्या सबंध पिढीचा तो प्रतिनिधी आहे. मीही त्यातलाच. आमच्या घरात नियम नाहीत, नुसता आरडाओरडा आहे. त्याची आवृत्ती निघत नाही एवढाच फरक.

नियम करण्यात नियमरावांचा हात धरणारा कोणी नाही. अडतं ते पुढे. नियम मोडला की शिक्षा द्यावी लागते, आणि शिक्षेचा असा स्वभाव आहे की ती देणाऱ्याच्याच घरी मुक्कामाला येते.

मागच्या जानेवारीत थोरल्याचा फोन आठवडाभरासाठी जप्त झाला. जप्ती सकाळी सात वाजता. साडेअकराला बर्फ सुरू झालं आणि शाळा लवकर सुटणार असा निरोप आला. घरी कोणी नाही, किल्ली पोराकडे आहे की नाही माहीत नाही, आणि विचारायचं तर फोन बापाच्या बॅगेत, मॅनहॅटनमध्ये. नियमरावांनी त्या दिवशी मला चौदा फोन केले. मी पोराला घरी घेतलं, पोहे करून घातले. संध्याकाळी नियमरावांनी फोन स्वतःच्या हाताने परत केला, वर चार्ज करून.

दुसरी शिक्षा पोकोनोजची. डोंगरातल्या सहलीला जायचं म्हणून धाकटी महिनाभर नाचत होती, आणि महिन्याभरात ती सहल चार वेळा रद्द झाली: दूध सांडल्याबद्दल, खोटं बोलल्याबद्दल, भावाला चावल्याबद्दल आणि चावलं नाही असं खोटं बोलल्याबद्दल. चारही वेळा निकाल खणखणीत आवाजात लागला. पण हॉटेलचे पैसे परत मिळणार नव्हते. शेवटी शुक्रवारी सगळे गाडीत बसले. धाकटीने विचारलं, “बाबा, ट्रिप कॅन्सल होती ना?” वहिनी पुढच्या सीटवरून म्हणाल्या, “शिक्षा आपण बरोबर घेऊन चाललोय, बस गप.”

तिसरी सगळ्यात नामी. रात्री नऊनंतर वायफाय बंद, असा नियम तेराव्या आवृत्तीत आला. नियमराव राउटरवर तसं वेळापत्रक लावून विजयी मुद्रेने वर गेले. साडेनऊला, म्हणजे पुण्यात सकाळी सातला, त्यांचीच ऑफिसची मीटिंग होती. पंधरा मिनिटं पुण्यातली सात माणसं एका गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत बसली. राउटरचा पासवर्ड नियमरावांना आठवेना. तो थोरल्याला माहीत होता. थोरल्याने खाली येऊन तो टाकला आणि काही न बोलता परत वर गेला. हे ‘काही न बोलता’ नियमरावांना फार लागलं.

आणि ती मोजणी. मूळ पद्धत इथल्या कुठल्याशा पालकांच्या वर्गात शिकलेली: तीन आकडे मोजायचे, तीनला परिणाम. पण दोन आणि तीन यांच्यामध्ये इंग्रजाकडे अडीचशिवाय फारसं काही नाही, मराठीत मात्र ऐसपैस जागा आहे. सव्वा, अडीच, पावणे. दयाळू माणसाला दम घ्यायला आपल्या भाषेने पायऱ्याच बांधून ठेवल्यात! त्याचा एक फायदा झाला. रविवारच्या मराठी शाळेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या बाई एकदा वहिनींना म्हणाल्या, वर्गातल्या एकाही मुलाला पावणे म्हणजे काय ते कळत नाही, तुमची मुलगी मात्र पाऊण, सव्वा, अडीच, सगळं घडाघडा सांगते. घरी कोण घेतं तिचं? वहिनींनी सांगितलं, “तिचे बाबा घेतात. रोज संध्याकाळी.”

मध्ये एक संकट आलं, ते इतिहासाच्या दारातून. थोरल्याला शाळेसाठी गावाबद्दल काही लिहून न्यायचं होतं. नियमराव त्याला हौसेने केनेडी लायब्ररीत घेऊन गेले. गाव १६६६ सालचं, पोरगा जुनी घरं, गिरण्या, शेतं असलं काही आणील अशी त्यांची कल्पना. पोराने आणली स्टेल्टनची मॉडर्न स्कूल.

ही गोष्ट पिस्कॅटवेतल्या देशी माणसांपैकी शंभरात एकालाही माहीत नसेल, मलाही नव्हती. फ्रान्सिस्को फेरर नावाच्या स्पॅनिश शिक्षकाला १९०९ साली बार्सिलोनात गोळ्या घालून मारलं. त्याच्या विचारांची शाळा न्यूयॉर्कच्या अराज्यवाद्यांनी १९११ मध्ये काढली. तत्त्वज्ञानाचा इतिहास सोपा करून सांगणारे विल ड्युरांट तरुणपणी तिथे मास्तर होते. १९१५ मध्ये ती शाळा उचलून इथे, पिस्कॅटवेत, स्टेल्टनला आणली. आजचं एडिसन स्टेशन, जिथून नियमराव रोज गाडी पकडतात, ते तेव्हाचं स्टेल्टन. शाळेभोवती वसाहत झाली. हजेरी नाही, परीक्षा नाही, शिक्षा नाही. वर्गात बसावंसं वाटलं तर बसा, नाही तर बाहेर हुंदडा. मुलं बागकाम करत, विणत, सुतारकाम करत, आणि खिळे जुळवून स्वतःचं मासिक स्वतः छापत. ही शाळा चांगली १९५३ पर्यंत चालली. स्कूल स्ट्रीट आणि ब्रदरहूड स्ट्रीट ही रस्त्यांची नावं त्या वसाहतीची आठवण म्हणून उरलीत.

“बाबा,” थोरला म्हणाला, “आपल्याच गावात. कलम एकही नाही.”

नियमरावांनी त्या रात्री जेवण कमी केलं. मग पुढचे आठ दिवस ते त्या शाळेबद्दल मिळेल ते वाचत सुटले. मुलाच्या निबंधासाठी इतका अभ्यास बापाने केल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि त्यांना हवं ते सापडलं. १९२० मध्ये एलिझाबेथ आणि अलेक्सिस फर्म हे जोडपं शाळा चालवायला आलं. मुलांनी हातांनी कामं करावीत, पुस्तकाची घाई नको, असं त्यांचं म्हणणं. वसाहतीतल्या कामकरी आईबापांना मात्र पोरं लिहायला-वाचायला शिकतात की नाही याची काळजी. वाद वाढत गेला आणि १९२५ मध्ये फर्म जोडपं शाळा सोडून गेलं.

“बघ!” नियमराव भिंतीपलीकडून गरजले. मला इकडे ऐकू आलं. “शिक्षक अराज्यवादी होते. पालक तिथेही पालकच होते!”

तेच जोडपं पुढे परतही आलं. ते पान त्यांनी पोराला दाखवलं नाही.

मे महिन्यात आजी आल्या. नियमरावांच्या आई, वय अठ्ठ्याहत्तर, सहा महिन्यांच्या मुक्कामाला, सोबत मेतकुटाचे दोन डबे. आल्या-आल्या त्यांनी चष्मा लावून फ्रिज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “हे सोसायटीचे आहेत का रे?”

“घरचे आहेत, आई.”

“मग घरात सांगायचे. वळण लावायचं असतं बाळा, चिकटवायचं नसतं.”

संध्याकाळी मोजणी सुरू झाली. सव्वादोन, अडीच, पावणेतीन ऐकून आजी खूश झाल्या. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, अगदी अडीचकीपर्यंत पाठ करून घेतली होती. “पोरीला अडीचकी घेतोयस? पण आधी पाऊणकी पक्की करून घे.” ही परवचा नसून धमकी आहे, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. मग त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं ऐकायच्या.

त्यांची अडचण वेगळी होती. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायची, एवढा एकच त्यांचा नियम. पण जूनमध्ये इथे सूर्य साडेआठला मावळतो. “मग पोरं जेवणार कधी नि झोपणार कधी?” दोन दिवस विचार करून त्यांनी सूर्याला बाजूला सारलं आणि सांगलीच्या सात वाजताच दिवा लावायला सुरुवात केली. बाहेर लख्ख ऊन, आत समई. लावणार म्हणजे लावणार. पहिल्या दिवशी पोरं आली नाहीत, आजी एकट्याच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही एकट्याच. चौथ्या दिवशी धाकटी आली, बहुधा काडी ओढायला मिळेल म्हणून. थोरला सोळाव्या दिवशी आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

रात्री आजी त्यांना श्यामची आई सांगायच्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक पिस्कॅटवेच्या पोरांपुढे कसं टिकतं याची मला उत्सुकता होती. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई झोडपून विहिरीवर पाठवते, त्या गोष्टीला धाकटी उठून बसली. “त्याने नाइन-वन-वनला फोन का नाही केला?”

“पालगडला फोन नव्हता,” आजी म्हणाल्या. “आणि पुढे ऐक, तो पोहायला शिकला.”

धाकटीने विचार करून निकाल दिला, की आई चुकली, पण पोहायला शिकला ते बरं झालं. मला वाटतं याहून नेमकं परीक्षण त्या प्रकरणाचं कोणी केलेलं नसेल.

जुलैत एकदा आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला होतो. पानं वाढली गेली. थोरल्याच्या हातात फोन. नियमरावांनी कलम चार वाचून दाखवलं, वहिनींनी टोपली पुढे केली (मूळची ती भाकरीची), थोरला म्हणाला एक मिनिट. आजींनी आपलं पान किंचित पुढे सरकवलं आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. “चालू दे तुझं,” एवढंच. रागावल्या नव्हत्या. टोमणाही नव्हता त्यात. बस येण्याची वाट बघावी तशा बसल्या होत्या. पाच मिनिटं. सात मिनिटं. थोरल्याने फोन टोपलीत टाकला.

नियमराव हर्षाने पोळीला हात घालणार, तो आजींनी त्यांच्याकडे बघितलं.

“तुझा?”

“आई, माझं ऑन-कॉल असतं. चार-ब मध्ये सूट आहे.”

“बरं,” आजी म्हणाल्या, आणि हात परत मांडीवर.

बावीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती. आमटीवर साय धरली. मध्येच मी खिशातला माझा फोन हळूच काढून टोपलीत ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. बायकोनेही ठेवला. धाकटीने बाहुलीचा प्लॅस्टिकचा फोन आणून त्यात टाकला. शेवटी नियमरावांनी आपला ठेवला. तो जेवण होईपर्यंत टोपलीत दोनदा गुरगुरला. बँक बुडाली नाही, मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघितलं.

नियमराव मला नंतर अंगणात म्हणाले, “ती काही करतच नाही रे. नियम नाही, शिक्षा नाही, आवाज नाही. मग होतं कसं?”

“तिला वेळ आहे,” मी म्हणालो.

“तेच तर,” ते म्हणाले आणि घड्याळ बघून मीटिंगला गेले.

ऑक्टोबरमध्ये आजी परत जायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे जॉन्सन पार्कात गेलो होतो. रॅरिटनच्या काठाने झाडं लाल-पिवळी झालेली, आजी शाल घेऊन बाकावर बसलेल्या, धाकटी झोपाळ्यावर. निघायची वेळ झाली. धाकटी उतरेना. नियमरावांनी सुरू केलं.

“एक... दोन... सव्वादोन...”

झोपाळा वर गेला, खाली आला.

“अडीच... पावणेतीन...”

आणि मग नेहमीची ती शांतता, जिच्यात आमचा तवा तापतो.

“तीन,” आजी म्हणाल्या.

झोपाळा थांबला. धाकटीने पाय टेकवले. थोरल्याने मान वर केली. नियमराव आईकडे बघत राहिले. तिथवर ते स्वतः कधी गेले नव्हते. धाकटीने खऱ्या कुतूहलाने विचारलं, “आजी, तीनला काय होतं?”

“तीनला आपण घरी जातो,” आजी म्हणाल्या. बाकाचा आधार घेऊन उठल्या, शाल सारखी केली आणि गाडीकडे चालू लागल्या. मागे वळून बघितलं नाही. गुडघ्यांमुळे त्या हळू चालतात, त्यामुळे धाकटीला पळत जाऊन त्यांना गाठायला काहीच वेळ लागला नाही. मागून थोरला गेला, वहिनी गेल्या, आम्ही गेलो. नियमराव झोपाळ्यापाशी उभं राहून फोनवर काहीतरी टिपून घेत होते.

पंधरावी आवृत्ती दिवाळीत निघाली. ‘तीन’वर स्वतंत्र कलम आहे, चार पोटकलमांसह. सात वाजता समई लागते. ते कागदावर कुठेच नाही, आणि ती धाकटी लावते. कोणाला आवृत्ती हवी असल्यास नियमराव आनंदाने पीडीएफ पाठवतात. लॅमिनेटर मात्र स्वतः येऊन न्यावा लागेल, आणि रविवारच्या आत परत करायचा, असा नियम आहे.